धोका कोणी पत्करला?

भांडवल धोका पत्करते म्हणून नफ्यावर हक्क भांडवलाचा, हे भांडवलशाहीच्या भाटांचे सर्वांत आवडते सूत्र आहे. ते पारखून घ्यायचे असेल, तर उत्तर इंग्लंडमधील आल्स्टन मूर या डोंगराळ मुलखात शिशाच्या खाणींसाठी खणलेल्या नेंट फोर्स बोगद्याचा इतिहास पाहावा.

या मुलखाचा धनी अर्ल ऑफ डर्वेंटवॉटर याचा १७१६ साली राजद्रोहाबद्दल शिरच्छेद झाला. त्याची जप्त इस्टेट १७३५ साली ग्रिनिच हॉस्पिटल या आरमारी सैनिकांच्या आश्रयसंस्थेकडे आली. खाणी भाडेपट्ट्याने देऊन ही संस्था खनिजात आपला वाटा घेई. खोल खाणींतील पाणी आपोआप वाहून जावे आणि वाटेत शिशाच्या नव्या शिरा सापडाव्यात, असा दुहेरी हेतू धरून १७७६ साली, एडिस्टन दीपगृहाचा कर्ता जॉन स्मीटन याच्या योजनेप्रमाणे, नेंट नदीच्या खोऱ्याखालून हा बोगदा खणण्यास प्रारंभ झाला.

प्रगती किती? सुमारे पाच मैलांना ६६ वर्षे. म्हणजे दिवसाला सरासरी जेमतेम फूटभर. हाताने खडकाला भोक पाडायचे, त्यात दारू ठासून सुरुंग उडवायचा, धुरात उभे राहून दगड उपसायचा. पुढे सरकावे तशी हवा कोंडे, म्हणून वरून विहिरी खणाव्या लागल्या. स्मीटन १७९२ साली वारला, तरी काम आणखी ५० वर्षे चालले. मध्यंतरी, १८३० च्या सुमारास, स्पेनच्या स्वस्त शिशाने बाजारभाव कोसळले. १८४२ साली काम संपले तेव्हा हाती शिसे आले ते किरकोळच. खनिजाचा खरा साठा वरच्या चुनखडकात होता आणि बोगदा गेला होता त्याखालच्या थरांतून.

मालक संस्थेचे नुकसान झाले, हे कोणी नाकारीत नाही. प्रश्न असा की, कठीण खडकाचा धोका रोजच्या रोज कोण सोशीत होते? या मुलखात कामगारांची छोटी टोळी ठरावीक मुदतीचे उक्ते काम घेई. बोगद्याला दर फॅदमप्रमाणे, खनिजाला वजनाप्रमाणे. खडक मऊ लागला तर चार पैसे सुटत; कठीण लागला तर घाम तितकाच आणि कमाई निम्मी. मेणबत्त्या आणि सुरुंगाची दारू यांचा खर्च कामगारांच्याच हिशेबातून वळता होई. दरमहा मिळे ती केवळ उचल. खरा हिशेब वर्षअखेरीस. ज्याच्या अंगावर बाकी निघे, तो पुढच्या वर्षी कोणत्या तोंडाने दरासाठी भांडणार? ‘स्वतंत्र भागीदार’ या गोंडस नावाखाली मालकाने खडकाचा धोका कामगाराच्या गळ्यात बांधला होता.

यावर प्रतिवाद ठरलेला आहे. येथील मोठी भाडेपट्टेदार लंडन लेड कंपनी क्वेकर पंथीयांची होती, तिने नेंटहेड गावी घरे, शाळा, वाचनालय उभारले, असे सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु शाळा मिळाली म्हणून छातीतील धूळ निघत नाही. १८६४ साली सरकारी आयोगाने धातूंच्या खाणींतील कामगारांची चौकशी केली. त्यांना फुफ्फुसाच्या विकारांनी अकाली मरण येते, हे तिच्या अहवालातच नमूद झाले. मालकाचा कळवळा हा कामगाराच्या हक्काचा पर्याय होऊ शकत नाही. कारण कळवळा देणाऱ्याच्या मर्जीवर जगतो.

आज त्या बोगद्याशी स्मीटनचे नाव जोडले जाते. ६६ वर्षे फूटफूट पुढे सरकणाऱ्या पिढ्यांचे नाव कोठेच नाही. भांडवलाने पैसा पणाला लावला आणि त्यातला काही गमावला. कामगारांनी फुफ्फुसे पणाला लावली. ती परत मिळण्याची सोय कोणत्याच हिशेबवहीत नव्हती. जेथे जेथे उक्त्या दराच्या आणि कंत्राटाच्या आडून धोका खाली ढकलला जातो आणि नफा वर ओढला जातो, तेथे कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: धोका नेमका कोणी पत्करला?