आवळा खा, पण फवारा जपून मारा



"फवारून आलं की हळद-गूळ खावा, विष उतरतं," असं मुकुटबन भागात अजून ऐकू येतं. आम्हाला ते पटत नाही.

२०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात पोचले. पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढलेली, वर उकाडा, तोंडाला नुसता दुपट्टा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही औषधे श्वासातूनच नव्हे, कातडीतूनही शिरतात आणि नसांचे काम आवरणारे विकर बंद पाडतात. मग घाम, लाळ, ओकाऱ्या. शेवटी श्वास अडतो.

हळदीतले कर्क्युमिन, आवळ्यातले क जीवनसत्त्व अशा विषांमुळे होणारी पेशींची हानी कमी करतात, हे जीवरसायनशास्त्रज्ञांना उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. ते खोटे नाही. आवळा रोज खावा. पण उंदराला मात्रा मोजून दिलेली असते, आणि बंद पडलेले विकर काही आवळ्याने चालू होत नाही. तिथे ॲट्रोपिनसारखी दवाखान्यातलीच औषधे लागतात.

उसातल्या खोडकिडीला आपण ट्रायकोकार्ड लावतो, म्हणून तिथे फवारा कमी. पण कापूस आपल्यापैकी बहुतेकांचा आहेच, आणि पंप बहुधा मजुराच्या पाठीवर असतो. त्याला हातमोजे, मास्क, अंगभर कपडे अन् साबण देणे मालकाकडे लागते. ते न देता गुळाचा खडा पुढे करणे आम्हाला बरे दिसत नाही. वारा अंगावर येत असेल तर फवारा बंद. भोवळ आली, तर अंगावरचे कपडे काढून साबणाने धुवावे, आणि दवाखान्यात जाताना औषधाचा डबा लेबलासकट न्यावा; कोणते विष ते डॉक्टरला लगेच कळते.

— ऊस विकास अधिकारी