सिरॅमिक कोटिंग करताय? आधी पॉलिशचे तेल पुसा

पॉलिश करून गाडी चकाकली, की लगेच सिरॅमिक कोटिंग लावायची घाई होते. पैसे वाया जातात ते इथेच. अनेक पॉलिशमध्ये तेल असते. ते बारीक ओरखड्यांत भरून बसते आणि रंग निर्दोष भासतो. कोटिंगला मात्र थेट क्लिअर कोटला चिकटायचे असते. मध्ये तेल राहिले, की पकड कच्ची.

उपाय सोपा आहे. पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा तयार पॅनेल वाइप स्वच्छ मायक्रोफायबर कापडावर घ्या. एकेक भाग हलक्या हाताने पुसा, कोरड्या कापडाने लगेच टिपा. मग टॉर्च मारून पाहा. ओरखडे उघडे पडले, तर पुन्हा पॉलिश आणि पुन्हा पुसणे.

दुधनीत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या पत्र्यावरून अल्कोहोल तेल उचलण्याआधीच उडून जाते. त्यामुळे हे काम सावलीत, पत्रा गार असताना आणि धूळ येणार नाही अशा जागीच करावे.

बिघडलेले कोटिंग काढायला पुन्हा पॉलिशच करावे लागते. त्यात क्लिअर कोट आणखी झिजतो. म्हणून वॉरंटी किती वर्षांची, हे विचारण्याआधी विचारा: पॉलिशनंतर गाडी कशाने पुसणार?