श्रेय एकाचे, जबाबदारी दुसऱ्याची?



'शासकीय सोहळ्यांत पक्ष शोधू नका' हा आपल्या अंकातील लेख वाचला. तारकर्लीचा ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन पक्षातीत होता, हे म्हणणे नौदलापुरतेच खरे आहे.

'आचारसंहितेचा भंग झाला नाही' हा पुरावाच नव्हे. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ रोजी लागली. त्याआधी भंग होणार तरी कशाचा?

'पुतळ्याचे राजकारण विरोधकांनी केले' हे तर साफ एकांगी. नौदल दिनाच्याच दिवशी मालवणात राजकोट किल्ल्यावर पंतप्रधानांच्या हस्ते शिवरायांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा श्रेय सत्ताधाऱ्यांनी घेतले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी पुतळा कोसळला, तेव्हा मात्र तो नौदलाने उभारला होता, असे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले. काम नौदलाचे, तर श्रेयही त्याचेच हवे होते. चारच दिवसांनी पालघरला पंतप्रधानांनी माफी मागितली, ती लेखातून गळली कशी? महाराज आमच्या जिल्ह्याचा जीव की प्राण आहेत, म्हणून हे टोचते.

यापुढे अशा सोहळ्यांचा खर्च, निमंत्रितांची यादी आणि व्यासपीठावरील नावे जिल्हा प्रशासनाने आधीच जाहीर करावीत.

– एक वाचक, कसाल (ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग)