शोमरोन्यांचा दाखला अर्धाच



कंत्राटी कामगार गावच्या जत्रेत नवसाचा बोकड कापतात त्यात गैर काय, असे विचारताना आपल्या पत्रलेखकांनी गेरिझीम डोंगरावरील शोमरोनी (समॅरिटन) लोकांचा आधार घेतला आहे. हा दाखला अर्धाच आहे. नाब्लुसजवळच्या त्या डोंगरावर हजाराच्याही आतला हा समाज वर्षातून एकदाच, वल्हांडण सणाच्या संध्याकाळी, मेंढरे कापतो. ती खड्ड्यात भाजून त्याच रात्री बेखमीर भाकरीबरोबर खाल्ली जातात, उरलेले जाळतात. तो साऱ्या समाजाचा सण आहे, एकेकट्या घराने फेडायचा नवस नव्हे.

शोमरोन्यांप्रमाणेच मोशेला मानणाऱ्या ज्यूंनी इ.स. 70 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडल्यावर बळी थांबवले. श्रद्धा थांबली नाही. आपले रायगडचे बेने इस्रायल ज्यू पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करून नवस फेडतात. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने त्यांचे श्रद्धास्थळ आहे. घरात मराठी बोलणारी ही माणसे इतकी जवळ असताना पत्रलेखक थेट पॅलेस्टाइनला का गेले?

मटण खाण्याला माझा विरोध नाही. भोसरी-चाकणच्या कामगाराने उचल घेऊन बोकड आणावा आणि मग वर्षभर ती फेडत बसावे, याचा मला राग येतो. गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनातून हेच सांगितले. मांढरदेवच्या यात्रेत जानेवारी 2005 मध्ये झालेल्या भीषण चेंगराचेंगरीनंतर तिथे पशुहत्येवर बंदी आली. यात्रा आजही तितक्याच गर्दीने भरते. कामगार संघटनांनी पुढच्या जत्रांआधी गेट मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा.

— एक वाचक, चाकण