सुटीतले सूर आणि शेवटची कर्जत लोकल

२०२६ सालच्या दिनदर्शिकेत १ मे हा महाराष्ट्रदिन शुक्रवारी येतो. बुद्धपौर्णिमाही त्याच दिवशी. शाळांना सुटी, पाठोपाठ शनिवार-रविवार. नोकरदारांच्या भाषेत ‘जोडून आलेली’ तीन दिवसांची सुटी. अशा सुटीत अंबरनाथ किंवा बदलापूरच्या एखाद्या तरुणाने ठरवले की यंदा माथेरान नको, मॉल नको, एखाद्या नव्या बँडने स्वतः रचलेली गाणी समोर बसून ऐकायची, तर त्याच्या हाती काय लागते? मोबाइलवर तिकीटविक्रीचे ॲप उघडले तर कार्यक्रमांची यादी येते. पण पत्ते बहुधा लोअर परळ, खार आणि अंधेरीचे. घरापासून दीड तासावरचे. २०११च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. त्यानंतर या शहरांत, विशेषतः बदलापुरात, किती नव्या इमारती उभ्या राहिल्या हे सकाळची गर्दी सांगते. नऊ लाखांहून अधिक माणसांच्या या पट्ट्यात नव्या गाण्याला हक्काची जागा नसावी, ही केवळ करमणुकीची अडचण म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही.

‘इंडी’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. चित्रपटासाठी नव्हे, मोठ्या कंपनीच्या सांगण्यावरूनही नव्हे, तर स्वतः लिहिलेले, स्वतः चाल लावलेले आणि बहुधा स्वतःच्याच खर्चाने ध्वनिमुद्रित केलेले गाणे, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्याचा मुंबईतला इतिहास हा बऱ्याच अंशी जागांचा इतिहास आहे. १९८६ साली सुरू झालेल्या ‘इंडिपेंडन्स रॉक’ने धोबीतलावच्या रंगभवनात महाविद्यालयीन बँडना व्यासपीठ दिले, पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातल्या मैफली थांबल्या. २००७ मध्ये लोअर परळच्या गिरणी आवारात ‘ब्लू फ्रॉग’ उघडले, ते २०१६ मध्ये बंद झाले. २०१० पासून पुण्यात ‘एनएच ७ वीकेंडर’ने मैदानी महोत्सवांची वाट रुंद केली, तर २०२३ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर ‘लोलापलूझा’ आला. दरम्यान मराठी गाणेही या प्रवाहात आले. अभंगांना इलेक्ट्रिक गिटारची जोड देणारा ‘अभंग रिपोस्ट’, मराठीत रॅप करणारे ‘स्वदेसी’ गटाचे कलाकार, आणि २०२४ मध्ये क्रेटेक्स व श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ ही उदाहरणे पुरेशी आहेत. शेवटचे गाणे तर नेदरलँड्सच्या ‘स्पिनिन रेकॉर्ड्स’ने जगभर पोहोचवले. म्हणजे मराठी गाणे ॲमस्टरडॅमपर्यंत सहज जाते. अंबरनाथच्या पोराने केलेले गाणे अंबरनाथमध्ये मात्र वाजत नाही.

याचे पहिले कारण ऋतूचे आहे. मोठ्या मैदानी महोत्सवांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मेमधला उकाडा आणि जूनमधला पाऊस यांमुळे मोकळ्या मैदानावर भांडवल गुंतवण्यास आयोजक धजावत नाहीत. त्यामुळे ज्या दिवसांत विद्यार्थ्यांना वेळ असतो, त्याच दिवसांत मोठे कार्यक्रम नसतात. उरतात ती वातानुकूलित छोटी सभागृहे आणि बार-कॅफे, आणि ती जवळजवळ सगळी मुंबईत.

दुसरे कारण अंतराचे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटर, बदलापूर ६८. लोअर परळमधला कार्यक्रम रात्री नऊला सुरू होतो म्हणतात, प्रत्यक्षात साडेनऊ होतात. मुख्य बँड मंचावर येईपर्यंत श्रोत्याचे लक्ष घड्याळाकडे लागलेले असते, कारण शेवटची कर्जत लोकल मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात सुटते आणि ती चुकली तर पहाटेपर्यंत फलाट किंवा खिशाला न परवडणारी टॅक्सी, एवढेच पर्याय. मुलींच्या बाबतीत हा हिशेब घरच्यांच्या पातळीवरच संपतो. रविवार असेल तर जातानाही मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहून निघावे लागते. हे दक्षिण मुंबईतल्या आयोजकाच्या ध्यानीमनी नसते. तिकीट किती रुपयांचे यापेक्षा कार्यक्रम किती वाजता संपतो, हा प्रश्न कल्याणपलीकडच्या श्रोत्यासाठी अधिक निर्णायक आहे. संध्याकाळी पाच-सहाला सुरू होऊन नऊला संपणारे कार्यक्रम वाढले, तर या पट्ट्यातले किती चेहरे तेथे दिसतील याचा अंदाज आयोजकांनी एकदा घ्यायला हरकत नाही.

मग कार्यक्रम येथेच का होत नाहीत? येथे एका शब्दाची अडचण आहे. उल्हासनगर आणि कल्याण-बदलापूर रस्त्याच्या परिसरात ‘लाइव्ह’ या शब्दाचा अर्थ वर्षानुवर्षे ‘ऑर्केस्ट्रा बार’ असा होत आला. २००५ मध्ये राज्यात डान्सबारवर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली आणि त्यानंतर आलेल्या कायद्यातल्या अनेक जाचक अटी २०१९ मध्ये रद्द केल्या. या साऱ्या काळात ‘लाइव्ह ऑर्केस्ट्रा’च्या पाट्यांआड नेमके काय चालते, यावर पोलिसांचे छापे आणि वर्तमानपत्रांचे रकाने भरत राहिले. परिणाम असा की, एखाद्या साध्या उपाहारगृहाच्या मालकाने कोपऱ्यात दोन गिटार आणि एक कहोन ठेवून गाण्याची संध्याकाळ करायची म्हटली, तरी परवान्यासाठी त्याला संशयाच्या नजरेतून जावे लागते, आणि कुटुंबवत्सल गिऱ्हाईकही पाटी वाचून बिचकते. गाणाऱ्या मुलांचा यात काडीचा दोष नाही. तरी शिक्षा त्यांनाच.

ध्वनिनियमांबद्दल मात्र गैरसमज अधिक. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. राज्य सरकारला सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही तरतूद ग्राह्य धरली. हे पंधरा दिवस सहसा गणेशोत्सव, नवरात्र, शिवजयंती, आंबेडकर जयंती, नाताळ, ३१ डिसेंबर अशा दिवसांत वाटले जातात. उन्हाळ्याच्या सुटीच्या वाट्याला फारसे काही येत नाही. पण याच नियमांत बंद सभागृहे, समाजमंदिरे आणि मेजवानीची दालने यांना आतल्या श्रोत्यांपुरता अपवाद आहे. आवाज हद्दीबाहेर ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाता कामा नये, एवढी अट. म्हणजे अडचण कायद्यापेक्षा छप्पर असलेल्या आणि परवडणाऱ्या जागेची आहे.

नाटकासाठी या पट्ट्यातला प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिराकडे किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिराकडे जात आला. ही सभागृहे चांगली आहेत, पण ती शेकडो आसनांची. पहिल्यांदाच स्वतःची सात गाणी घेऊन उभ्या राहणाऱ्या बँडला ऐंशी ते शंभर खुर्च्यांची खोली हवी असते. मोठ्या नाट्यगृहात तेच शंभर श्रोते बसले की सभागृह रिकामे भासते आणि कलाकाराचा धीर खचतो. उलट टोकाला अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराच्या परिसरात होणारा ‘शिवमंदिर आर्ट फेस्टिव्हल’. १०६०च्या शिलालेखाचा वारसा सांगणाऱ्या त्या मंदिराजवळ नामांकित गायक-वादकांना ऐकायला अलोट गर्दी लोटते. या गावांना गाण्याची भूक नाही, असे म्हणणाऱ्यांना तो चोख पुरावा आहे. मात्र महोत्सव प्रसिद्ध नावांवर उभा राहतो. प्रसिद्ध होण्याआधीची दहा वर्षे कलाकाराने कोठे वाजवावे, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

तरीही ‘येथे काहीच नाही’ हा निष्कर्ष घाईचा ठरेल. स्वतंत्र संगीत म्हणजे गिटार आणि इंग्रजी नाव, अशी समजूत बाजूला ठेवली तर हा पट्टा राज्यातल्या अनेक शहरांपेक्षा श्रीमंत आहे. १४ एप्रिलनंतर उल्हासनगर आणि अंबरनाथच्या वस्त्यांमध्ये आंबेडकर जयंतीचे कार्यक्रम एका दिवसात संपत नाहीत; ते मे महिन्यापर्यंत, बुद्धपौर्णिमेपर्यंत रेंगाळत राहतात. भीमगीतांचे आणि कव्वालीचे सामने, दोन गायक पार्ट्यांची समोरासमोरची जुगलबंदी, ऐन वेळी रचलेले जबाब हे सारे तिकिटाविना, ताडपत्रीखाली, चाळीच्या पटांगणात. वामनदादा कर्डकांनी गावोगावी जाऊन ज्या परंपरेला शब्द दिले आणि कल्याणला वास्तव्य केलेल्या प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजाने जी घराघरांत पोहोचली, ती ही परंपरा. दोघेही २००४ मध्ये गेले. शिंदे घराण्याची पुढची पिढी आनंद, मिलिंद आणि आदर्श यांच्या रूपाने गात राहिली. चित्रपटाच्या आधाराविना, स्वतः लिहून, स्वतःच्या श्रोत्यांच्या वर्गणीवर उभे राहिलेले गाणे हीच ‘इंडी’ची व्याख्या असेल, तर महाराष्ट्रात ती शब्द येण्याआधीपासून जगली जात आहे. गिरणगावात १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले तेही याच वाटेने. त्याच गिरण्यांच्या आवारात आज तिकीट काढून जावे लागते, हा योगायोग गमतीचा खरा, पण सुखद नव्हे.

उल्हासनगरचा आणखी एक सूर मराठी वाचकाला क्वचितच माहीत असतो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांनी सिंधहून जमीनजुमला आणला नाही, गाणे आणले. नाच, कथा आणि गायन एकत्र गुंफणारा ‘भगत’ हा प्रकार, १९३९ मध्ये हत्या झालेले भगत कंवरराम यांची आठवण, लग्नातले ‘लाडा’, सूफी कलाम हे सारे दरबारांत आणि लग्नघरांत अजून ऐकू येते. बदलापूर-अंबरनाथच्या जुन्या गावठाणांत आगरी हळदीची रात्र असते. तेथे धवलारीण धवले गाते, मग बँजो पार्टी येते, आणि ताज्या आगरी-कोळी गाण्यांवर अख्खे गाव नाचते. बदलापूरच्या पुढच्याच स्थानकावर, वांगणीत, मोठ्या संख्येने दृष्टिहीन कुटुंबे राहतात. त्यांच्यातले काही जण लोकलच्या डब्यात गातात, आणि चाकरमानी तेथेच अर्धे कान देऊन मैफल ऐकतात. हा श्रोतावर्ग अन् हे कलाकार यांना कोणी कार्यक्रमांच्या यादीत धरत नाही.

यातला पेच असा की, मे महिन्यात या गावांतले ढोलकीवाले, कीबोर्डवाले, ऑक्टोपॅडवाले वादक लग्नसराईत अडकलेले असतात. दिवसाला मिळणारे मानधन सोडून स्वतःचे गाणे वाजवायला कोणाला परवडेल? बँक्वेट हॉल आणि लॉनही लग्नांनी भरलेले. जागा नाही, वादक नाही, आणि श्रोता मुंबईच्या गाडीत बसलेला.

अशा परिस्थितीत सुटीत गाणे शोधणाऱ्याने शहराच्या नावाने शोधू नये, कलाकाराच्या नावाने शोधावे. छोटे बँड आपली संध्याकाळ इन्स्टाग्रामवर आठ-दहा दिवस आधी जाहीर करतात. ॲपवर ती येईलच असे नाही. वस्तीतले कार्यक्रम कळतात ते नाक्यावरच्या फ्लेक्सवरून आणि व्हॉट्सॲपच्या निमंत्रणपत्रिकेवरून. त्यात ‘सायंकाळी ठीक ६’ लिहिले असेल तर आठला पोहोचले तरी चालते. घरांत वा छोट्या दालनांत मोजक्या श्रोत्यांसमोर होणाऱ्या ‘सोफार साउंड्स’सारख्या बैठका लंडनमध्ये २००९ साली सुरू झाल्या, त्या नंतर भारतातही आल्या. बदलापूरच्या सोसायटीतल्या क्लबहाऊसमध्ये असे काही करायला परदेशी नावाची गरज नाही. सोसायटीच्या सचिवाची परवानगी आणि दहाच्या आत आवरण्याची शिस्त पुरे. आणि ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर जीएसटी नाही, ही सवलत छोट्या आयोजकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पालिकांकडे मागण्यासारखी गोष्टही फार मोठी नाही. सुटीत पालिका शाळांची सभागृहे रिकामी असतात. ती नाममात्र भाड्याने, एका खिडकीवर मिळणाऱ्या परवानगीसह, शनिवार-रविवारच्या संध्याकाळी खुली केली तर नव्या इमारतीचा खर्च वाचतो. त्यासाठी कोनशिला बसवता येत नाही, ही कदाचित या सूचनेची सर्वांत मोठी उणीव ठरावी.

२०२६च्या पंचांगाने तर आयती संधी पुढे ठेवली आहे. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. धोंड्याच्या महिन्यात जावयांना अनारसे मिळतात, पण लग्ने लागत नाहीत. म्हणजे ऐन सुटीतले चार आठवडे उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतची दालने मोकळी आणि वादकही मोकळे. पहिल्या तीन शनिवारी पावसाचीही फारशी धास्ती नाही. अधिक महिना सरतो त्याच सुमारास शाळांची घंटा वाजते आणि दालनांच्या वह्यांत पुन्हा लग्नांच्या तारखा चढू लागतात.