नर्सच ना?

परवा न्यू जर्सीत एका देशी पार्टीत बायको म्हणाली, "नर्स ॲनेस्थेशियाच्या डॉक्टरेटला अर्ज करतेय." समोरच्या साहेबांचा लगेच प्रश्न, "म्हणजे शेवटी नर्सच ना?" डोकंच फिरलं!

अहो, नुसता अर्ज करायला किमान एक वर्ष आयसीयूचा अनुभव लागतो. हिचा चार वर्षांचा आहे. पुढे किमान ३६ महिने शिक्षण, ६०० केसेस, २००० क्लिनिकल तास... तेही पगारावर पाणी सोडून. अमेरिकेतल्या कित्येक खेड्यांतल्या इस्पितळांत ऑपरेशनच्या वेळी भूल देतात ती हीच माणसं.

२०२२ पासून इथे या कोर्सला येणाऱ्यांना डॉक्टरेट सक्तीची झाली. ती खरंच हवी का, खर्च किती वाढतो, यावर खुशाल भांडा. मीही भांडेन. पण 'नर्सच ना' हा मुद्दा नव्हे, माज आहे.

आपला सर्व्हर झोपला तर आपण रीस्टार्ट मारून चहाला जातो. हिला माणूस झोपवून परत जागा करायचाय!

आणि हो, साहेबांचे बाबा आयसीयूत होते तेव्हा रात्री दोनला त्यांनी फोन कुणाला केला होता? या 'नर्सच'ला.

असो.