वास गेला म्हणजे विष गेलं का?

लेक पहिल्या बाळंतपणासाठी गोंदियाला यायची होती. मोठ्या हौसेनं आतल्या खोलीला ऑइलपेंट काढून घेतला, नवं प्लायवूडचं कपाट केलं. ट्रंकेतल्या जुन्या दुपट्यांत, गोधड्यांत डांबरगोळ्या होत्याच. दोन रात्री त्या खोलीत मी झोपले, तर डोळे चुरचुरू लागले, डोकं जड झालं. घरचे म्हणाले, "नव्या रंगाचा वास आहे, जाईल हळूहळू." मीही हो म्हटलं. पण मनात माहुल आलं.

माहुल म्हणजे मुंबईत चेंबूरजवळची वस्ती. शेजारी तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबांना तिथल्या इमारतींत पाठवलं गेलं. पक्कं घर मिळालं, पण त्यासोबत खोकला, दम आणि त्वचेच्या तक्रारीही आल्या. 2018 मध्ये बायका धरणं धरून बसल्या. 2019 मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, यांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिन्याला 15,000 रुपये भाडं द्या. 2020 मध्ये हरित लवादानं चार कंपन्यांना मिळून सुमारे 286 कोटींची भरपाई ठोठावली. कारण होतं हवेत मिसळणाऱ्या रासायनिक वाफा.

या वाफांना शास्त्रज्ञ व्हीओसी म्हणतात. साध्या तापमानालाच ज्यांची वाफ होते, अशी ही रसायनं. पेट्रोल, रंग, थिनर, नेलपॉलिश, धूर, सगळ्यांत ती असतात. त्यातलं बेन्झीन हाडांच्या मगजावर, म्हणजे रक्त तयार होतं तिथेच घाव घालतं. त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. प्लायवूडच्या डिंकातलं फॉर्माल्डिहाइडही कर्करोगकारक ठरलेलं आहे. शिवाय या वाफा गाड्यांच्या धुरात मिसळल्या, वर ऊन पडलं, की जमिनीलगत ओझोन तयार होतो. दमेकऱ्यांना तो फार जाचतो.

आपल्या देशानं 2009 मध्ये बेन्झीनची मर्यादा ठरवली. वर्षभराची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. आणि मैत्रिणींनो, नाकाला बेन्झीनचा वास कळतो तो याच्या शेकडो पट साठल्यावर! म्हणजे वास आला नाही, तर हवा चांगली, हा आपला समज खोटा.

"आमच्याकडे कुठे आलेत कारखाने?" असं तुम्ही म्हणाल. पण चूल पेटत नाही म्हणून प्लास्टिकची पिशवी टाकणारी बाई गोंदियात, तिरोड्यात, देवरीत आहेच ना? मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तिथलाही धूर आपणच गिळतो. दारातला कचरा, शेतातली तणस, सगळं जाळून मोकळे. बाटलीतलं पेट्रोल घरातच ठेवलेलं. मोजमाप होतं ते मोठ्या शहरातल्या चौकांचं. आपल्या स्वयंपाकघरातली हवा कोण मोजतो?

डांबरगोळीचं तर आणखीच. ती नॅफ्थॅलीनची. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक विकर जन्मतः कमी असतं. अशा बाळाला डांबरगोळ्यांतल्या कपड्यात गुंडाळलं, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, कावीळ वाढते. आणि कोणत्या बाळात ही कमतरता आहे, ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

म्हणून मी एवढंच केलं. दुपटी धुऊन कडक उन्हात वाळवली, डांबरगोळ्या फेकल्या, कपाटात कडुलिंबाचा वाळका पाला घातला. रंगाच्या खोलीची खिडकी महिनाभर उघडी ठेवली आणि लेकीला बाहेरच्या हवेशीर खोलीत निजवलं. सासूबाई जरा रुसल्या, "एवढा खर्च केला खोलीवर!"

चुलीत प्लास्टिक न घालणं, खिडकी उघडणं, हे आपल्या हातात आहे. पण गल्लीतला कचरा जाळणं थांबवायला नगरपरिषदेकडे चौघीजणींनी मिळूनच जायला हवं. माहुलच्या बायकाही एकेकट्या असत्या, तर त्यांचं कुणी ऐकलं नसतं.